केळ्याची रांग

बाई, आज चौथीतल्या एका मुलीच्या आईने माझ्या टेबलासमोर उभं राहून शाळा सोडल्याचा दाखला मागितला, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. अकोल्याच्या या शाळेची मी मुख्याध्यापक. दाखले नेहमीच देते. पण हा देताना तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आला.

पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं असतं, न खाणाऱ्याला केळं. वाढायला सोपं जावं म्हणून आमच्या एका शिक्षिकेने व्हरांड्यात दोन रांगा केल्या. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोरांनी त्या रांगा बाकांवर नेल्या, मैदानावर नेल्या, नळावर पाणी प्यायलाही नेल्या. या मुलीला अंडं आवडतं. तरी मैत्रिणीशेजारी बसायला मिळावं म्हणून ती एकदा केळ्याच्या रांगेत जाऊन बसली, तर मैत्रीणच म्हणाली, "तू इकडं काहून आली? तुमच्या घरी तं खातात." मुलगी उठली आणि काहीच न खाता वर्गात जाऊन बसली. शिक्षिकेने मला हे हसत सांगितलं, गंमत म्हणून.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखालच. दुसऱ्याच दिवशी रांगा मोडल्या, सगळ्यांना हजेरीच्या क्रमाने बसवलं आणि स्वतः मधे उभी राहिले. मग पालक आले. एक जण म्हणाले, "मॅडम, आमचं लेकरू घरी येऊन जेवत नाही. वास येते म्हणते." मी म्हटलं, "मग नाकात बोळे घालून पाठवा." कोणी हसलं नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

मला वाटलं, झालं काम. कारण तुमचं झालं होतं. अमरावतीच्या शाळेत मी, तुमच्या वर्गातली लहान मुलगी, माठापासून हातभर दूर उभी आहे, कोणीतरी वरून ओतेल म्हणून ओंजळ धरून. तुम्ही येता आणि माझ्या ओंजळीवर फटका मारता. "हात मोडले का तुझे? घे ग्लास, बुडव." भर मधल्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. मी बुडवला. त्या एका फटक्याच्या जोरावर कॉलेज केलं, नोकरी केली, आणि शाळेत हुकूम दिला की माणसं जवळ येतात असं धरून चालले. पण बाई, त्या दिवसानंतर माठ शाळा सुटेपर्यंत भरलेला राहायचा. मुली घरून बाटलीत पाणी आणू लागल्या होत्या. मला ते दिसत होतं. तुम्हाला दिसलं होतं का? दिसलं असेल तर सांगितलं का नाही? फटका मारून झाल्यावर पुढे काय करायचं असतं, ते मी आता कोणाला विचारू?

आज त्या मुलीची आई म्हणाली, "मॅडम, तुमी लय केलं. पण पोरगी सांगते, सगळ्या जवळ बसतात तुमच्या भेवानं. बोलत नाही कोणी. तुमी हापिसात गेल्या का सरकतात. वलगावले मामाकडं ठेवतो तिले."

"तिथल्या शाळेत काय वेगळं असणार आहे?" मी जरा जोरातच विचारलं.

"काई नाही. पण मामाच्या पोरी आहेत तिच्या वर्गात. एखादी तरी बोलन."

मी दाखल्यांचं पुस्तक पुढे ओढलं.

हे तुम्हाला पोचणार नाही आणि मी कोणाला दाखवणारही नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. महिनाभर मी त्या मुलीला कुठे बसवायचं तेच पाहत राहिले. तिच्याशेजारी बसून एकदाही बोलले नाही. आज दाखला आणि प्रगतिपुस्तक आईच्या हातात दिलं. शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या हातात काही दिलं नाही.