बापाचा रकाना

दि. ३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तू आत्या झालीस. मुलगी झाली, आज तिला वीस दिवस झाले. नाक आपल्या घराण्याचं आहे, त्याला आता इलाज नाही. बाळ-बाळंतीण बरी आहेत. मी मात्र बरा नाही.

मागे कळवलं होतं की जुना मालक कारखाना बंद करून पळाला आणि आमचे पासपोर्ट त्याच्याबरोबरच गेले. तेव्हापासून मी इथे परदेशात बिनकागदाचा माणूस. दिवसभर हॉटेलांच्या चादरी धुतो. धुलाईखान्याच्या मागच्या दाराशी अनोळखी गाडी थांबली की आम्ही सहा जण वाफेच्या यंत्रामागे जाऊन उभे राहतो. तिथे इतकं उकडतं की सदरा पिळून घ्यावा लागतो. गेल्या महिन्यात पोलिसांनी दोघांना उचललं. पुढे त्यांचं काय झालं, कोणी विचारायलाही धजत नाही.

आता जे लिहितो ते वाचून लगेच तोफ डागू नकोस. रविवारी पोरीचा बाप्तिस्मा केला. फादरांनी नोंदवही उघडून बापाचं नाव विचारलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. उद्या ही वही कोणी मागितली तर? मागे आमचा इस्त्रीवाला मित्र उभा होता, त्याचे कागद पक्के आहेत. मी त्याचं नाव सांगून मोकळा झालो. बायको तेव्हापासून कामापुरतंच बोलते. मी चुकलो का, ते लिही.

तुझ्या मायेचा आणि माराचा हक्कदार,
धाकटा

दि. १७ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आत्या झाल्याच्या आनंदात आधी शेजारच्या दोन घरी सांगून आले, मग पुढचा मजकूर वाचला आणि मटकन खाली बसले. अरे शहाण्या, लहानपणी खिडकीची काच फोडून दुसऱ्याचं नाव सांगायचास, ते खपून गेलं. पोरीच्या बाबतीत कसं खपेल?

उद्या तुला नेलं आणि पोर वेगळी ठेवली, तर कोणत्या कागदावर तिला माझी म्हणून मागशील? या विचाराने माझा डोळ्याला डोळा लागत नाही. शेवटी, कोणाचं ते न सांगता, आपल्या फादरांना विचारलं. ते म्हणाले, योसेफसुद्धा बाळ येशूला घेऊन परमुलखात पळाला होता. भ्यालेलाच होता. बाळ त्याच्या रक्ताचं नव्हतं, तरी हे माझं नव्हे असं त्याने कुठल्या नाक्यावर सांगितलं नाही. मग म्हणाले, कागदाची मुदत संपते, माणसाची संपत नाही. पण हे आधी त्या माणसाला स्वतःला पटावं लागतं.

तेव्हा जा आणि खरं नाव लिहून ये. मी घरात सुरक्षित बसून तुला हे सांगते आहे, याची मला लाज वाटते. तरीही जा.

पोरीला पापे, तुला एक धपाटा.
ताई

दि. ९ एप्रिल

ती. ताईंस,
भावजयीचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून तुमच्या काळजात चर्र झालं असेल. हे सध्या कोठडीत आहेत. जिवाला धोका नाही.

तुमचं पत्र आल्यावर हे दोनदा चर्चच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आम्ही तिघं गेलो. फादरांनी चूक खोडली, यांनी रकान्याशेजारी सही केली. बाहेर पडलो तर रस्त्यावर तपासणी चालू होती. अधिकाऱ्याने माझ्या कुशीतल्या पोरीकडे बोट दाखवून हिचा बाप कोण म्हणून विचारलं. इस्त्रीवाले भाऊ फाटकाशी आमची वाट पाहत थांबले होते, ते पुढे होऊ लागले. पण त्यांच्याआधी हेच पुढे झाले आणि म्हणाले, मी. यांना नेलं; पोर अंगावर पिते म्हणून मला तेवढं सोडलं.

ताई, दोन दिवस मी मनातल्या मनात तुम्हाला खूप बोलले. तुम्ही तसं लिहिलं नसतं तर हे आज घरी असते. मग फादर नोंदवहीचा शिक्क्याचा उतारा घेऊन कोठडीच्या दारात चार तास बसून राहिले. त्या एका कागदावर पोरीला बापाची भेट मिळाली. दहा मिनिटं. यांनी तिला घेतलं, तेव्हा मी खालून माझेही हात लावले.

मंगळवारी सुनावणी आहे. सोडतील की एकट्याला विमानात बसवतील, वकीलही सांगत नाहीत. जिन्यावर पाऊल वाजलं तरी मी पोरीचं तोंड छातीशी दाबून धरते. तुम्ही घाबरू नका, असं लिहिणार होते. पण मलाच इतकी भीती वाटते आहे की तसं लिहवत नाही. मंगळवारपर्यंत तुम्हीही माझ्याबरोबर घाबरा. एकटीला झेपत नाही.

लोभ आहे तो असाच असू द्यावा,
तुमची भावजय