भेगेची जाडी

१२ जानेवारी
आज प्रयोगशाळेत स्क्रू गेज! माझ्या केसाची जाडी मोजली — ०.०७ मिलिमीटर. शेजारच्या बाकावरचीचा केस माझ्यापेक्षा जाड निघाला, तर स्वारी दिवसभर मिरवत होती! सर म्हणाले, "मागचं रॅचेट टकटक वाजलं की थांबायचं. जोर लावलात की वस्तू दबते आणि आकडा खोटं बोलतो."

१४ जानेवारी
खालच्या खोलीत, वहिनीच्या पलंगामागच्या भिंतीला भेग गेलीये. बाबा गवंडी, वरचा मजला त्यांनी स्वतःच्या हातांनी चढवलाय. म्हणतात, "प्लास्टर तडकलंय, बाकी काही नाही." वहिनीला आठवा महिना आणि झोपते तिथेच! माझ्या खोलीत येऊ दे म्हटलं, तर आईने डोळे वटारले.
सरांना विचारलं. भेगेत गेज कसं शिरणार? म्हणाले, पुठ्ठ्याच्या पट्ट्या आत सरकव, घट्ट बसल्या की तेवढ्याच काढून गेजमध्ये धर. गेज घरी न्यायला दिलं — "हरवलंस तर बघ!"

१५ जानेवारी
२.१२ मिलिमीटर. पेन्सिलने खूण केली. रोज तिथेच मोजायचं.

१९ जानेवारी
२.३१.

२३ जानेवारी
२.५८. जेवताना सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. "मिसरूड फुटल्यापासून भिंती बांधतोय मी. कालची पोर मला भिंत शिकवते!"
दादा म्हणाला, "न्या हिला कामावर, एकेक वीट मोजत बसेल." सगळे हसले. वहिनी नाही हसली. हळूच म्हणाली, "निदान पलंग तरी सरकवूया का?"
"काही नको," बाबा गरजले. "लोक म्हणतील, गवंड्याच्या सुनेलाच त्याच्या घराची भीती वाटते!"
इतका संताप आला! ताट आपटून उठले.

२७ जानेवारी
२.२०! कमी झाली! तीनदा मोजलं, तेच. वहिनीच्या गळ्यातच पडले. बाबांनी टपली मारली — "बघ, मिटतेय. आता तरी अभ्यासाला लाग." किती दिवसांनी पोटभर जेवले.

२८ जानेवारी
१.७४. शाबासकी मिळेल म्हणून सरांना आकडे दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "भेग आपोआप मिटत नसते गं. भिंत सरकतेय. वहिनीला आजच्या आज तिथून हलवा."
धावत घरी आले. बाबा म्हणाले, "तुझ्या सरांनी किती घरं बांधलीत?" आणि वहिनी — "अगं, मिटतेय ना? आता सुखाने झोपू दे की मला."
भीती वाटतेय. कुणाचे पाय धरू?

२९ जानेवारी
रस्त्यावर बसून लिहितेय. बाबा मला आणि आईला आत जाऊ देत नाहीत. सकाळी दादा खोलीतून बाहेर आला, दार मागे ओढून घेतलं, ते परत उघडेचना. वहिनी आत आहे. हाका मारतेय. दादा दाराला धडक मारणार होता — बाबांनी त्याला कमरेला धरून मागे खेचलं. बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "हात लावू नकोस रे! वरचा सगळा मजला आता त्या चौकटीवर उभा आहे."