उंडीच्या झाडावरचं मडकं

१९ मे

मडकं अजून उंडीच्या झाडालाच. नववा दिवस.

अस्थी घरात आणत नाहीत. म्हणून वाडीतल्या बावखलाच्या – आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या – काठी, धवल ज्या फांदीवरून पाण्यात उड्या मारायचा, तिलाच टांगलंय त्याला. तोंडाला लाल फडकं. दोन-तीन दिवसांत नाशिकला न्यायचं होतं. पण मंत्र्यांची तारीख मिळेना, आणि मंत्र्यांशिवाय यात्रा कशी निघणार! धवलला मरायला तारीख लागली नव्हती. लढाईच्या दुसऱ्या सकाळी सीमेवर तोफगोळा पडला, दुपारी इथे नंदाखालला फोन वाजला.

शहीद धवल गौरव समिती स्थापन झाली. अध्यक्ष सुमेधशेठ – सातिवलीला गोदामं आहेत त्यांची. धवल जिवंत असताना त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. कार्यवाह आमचा भावेश. धाकटा गेला आणि थोरल्याला पद मिळालं. मधली मी, मला काही नाही.

दुपारी सगळे बॅनर लावायला गेले. मी कॉलेजात, पेपर तपासायला. आई एकटीच घरी.

२१ मे

नाशिक.

सजवलेला टेम्पो, वर स्पीकर. मडकं माझ्या मांडीवर. बहिणीचा मान आहे, असं सुमेधशेठ म्हणाले. म्हणजे फोटोत एक बाई हवी होती. बॅनरवर धवलचा चेहरा वाटीएवढा, सुमेधशेठांचा परातीएवढा. नालासोपाऱ्याच्या पुलावर अडकलो तेव्हा एक रिक्षावाला वाकून विचारत होता, कौन सी पार्टी का है?

आई आली नाही. तुम्ही जा, एवढंच म्हणाली. राग आला तिचा. पोटच्या मुलाला पोचवायलाही नाही?

घाटावर गुरुजींनी मडकं हातात तोललं. म्हणाले, फार हलकं आहे. मंत्र्यांनी लगेच माइक ओढला – "वीरांच्या अस्थी हलक्याच असतात." टाळ्या. अस्थिविसर्जनाला टाळ्या!

मी रडले. इतकी, की कॅमेरेवाले सुमेधशेठांना सोडून माझ्याकडे वळले. मडकं रिकामं करताना एक तुकडा बोटांत राहिला. पांढरा असेल असं वाटलं होतं. काळा निघाला – पातळ, किंचित वाकडा. सोडवेना. रुमालात बांधून आणला.

३ जून

तुकडा काडेपेटीत, काडेपेटी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. त्या दिवसापासून ती उघडलेली नाही. पण लोकांच्या देवभोळेपणाला हसणारी मी, रोज निघताना ड्रॉवरला हात लावून जाते.

११ जानेवारी

स्मारक ठरलं. बावखल बुजवून.

सुमेधशेठ म्हणाले, रस्त्यालगत तेवढीच जागा मोकळी आहे. मोकळी! पणजोबांच्या आधीपासून गोड्या पाण्याने भरलेली आहे, म्हणून मोकळी. तिथे चौथरा, चौथऱ्यावर धवल, आणि शेजारून वीस फुटी रस्ता. रस्ता जाणार कुठे? बावखलामागे सुमेधशेठांनी दोन वर्षांपूर्वी जमीन घेतली आहे, तिथे. तिला वाट नाही. आता ती हुतात्म्याने द्यायची.

सातबारा आईच्या नावे. सही तिची लागेल. ती केळींना पाणी सोडायला निघून गेली.

२ फेब्रुवारी

भावेशचं रोज तेच. गाव काय म्हणेल? आई असून स्मारकाला नाही म्हणते? आज तर म्हणाला, धवल असता तर त्याने स्वतः जागा दिली असती. मेलेल्या माणसाची ही एक सोय असते – तो नेहमी होच म्हणतो.

शेजारचे आलोशियस काका कुंपणापलीकडून ऐकत होते. भावेश गेल्यावर मला म्हणाले, "बावखल बुजलं की समुद्राचं पाणी शिरून माझी विहीर खारी होणार. मग टँकर येतील. टँकरवर पण धवलचंच नाव टाका म्हणावं."

हसले. मग आत जाऊन आईला म्हटलं, देऊन टाक सही. संपू दे एकदाचं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर तपासायला घेतले.

८ फेब्रुवारी

शाळेच्या पटांगणात सभा. अर्धं गाव. आईला पहिल्या रांगेतून वर नेलं. टेबलावर कागद, पेन, शाल, नारळ. सुमेधशेठांनी पेनाचं टोपण काढून दिलं.

आईने पेन खाली ठेवलं. माइक नको म्हणाली.

"माझा पोऱ्या त्या पान्यात हाय. त्याच्यावर माती टाकायची असंल तर टाका. मी सही करनार नाय."

सुमेधशेठ समजुतीचं हसले. "काकी, अस्थी आपण नाशिकला सोडल्या. फोटो आहेत."

"फोटो असतील," आई म्हणाली.

मागे आलोशियस काकांनी टोपी काढली आणि उभे राहिले. मग त्यांच्या शेजारचे. मग रांगच्या रांग. शेवटी सुमेधशेठांनाही उठावं लागलं. कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली.

काय थाप मारली बाईने! मी साहित्य शिकवते. इतकी नेटकी थाप वाचल्याचं आठवत नाही. म्हणजे शेवटी तीही शिकली, धवलला वापरायला. तरी बरं, पाण्यासाठी.

१० फेब्रुवारी

बावखलाच्या काठी नवा बॅनर. 'शहीद धवल पवित्र जलाशय.' सौजन्य – सुमेधशेठ. चेहरा परातीएवढाच.

बावखल मात्र वाचलं.

१२ फेब्रुवारी

आई मागच्या दारी, पाणी तापवायच्या चुलीतली राख काढत होती. म्हटलं, झकास थाप मारलीस सभेत.

मान वर केली नाही. म्हणाली, "नऊ दिवस टांगून ठेवलात त्याला. मडक्यावर कावळे बसायचे. तुम्ही ब्यानर लावायला गेलात, तवा मी त्याला पान्यात सोडला."

मी विचारलं, मग माझ्या मांडीवर काय होतं?

तिने राखेचा डबा माझ्याकडे सरकवला. वर अर्धवट जळलेल्या करवंट्या.

१३ फेब्रुवारी

काडेपेटी उघडली. तुकडा खिडकीशी धरला. बाहेरच्या बाजूला काथ्याच्या रेघा, अगदी स्पष्ट.

परत ठेवला. कॉलेजला निघताना ड्रॉवरला हात लावला.