पलीकडचं घोरणं

२ फेब्रुवारी २०१४, करंजाडे
आलो एकदाचे नव्या घरात! दोनच खोल्या, पण वारा असा की भिंतीवर कॅलेंडर राहत नाही. झोपेत प्रितेशचा श्वास अडायचा, म्हणून पनवेलला त्याच्या जबड्याचं ऑपरेशन केलं. हाडात बारीक स्क्रू बसवलेत. रोज चावीने किंचित फिरवले की जबडा पुढे सरकतो, घशातली वाट रुंद होते. चावी माझ्याकडे. नवऱ्याचे कान पिळायचे राहिले, स्क्रू पिळायला मिळाले म्हटलं, तर बिचाऱ्याला हसताही येईना.

९ फेब्रुवारी
घोरणं बंद! जासईच्या कंटेनर यार्डातून रात्रपाळी करून आला की तो दुपारी झोपायचा, आणि मी छातीवर हात ठेवून बसायचे. श्वास थांबला की हलवायचं. आज मीही निवांत आडवी झाले. सासूबाई मात्र सारख्या दारातून डोकावून त्याला बघून जात होत्या. थोरले दीर धर्मराज आमच्या लग्नाआधी असेच दुपारी झोपेत गेले. घोरणं थांबलं, तेव्हा पोराला गाढ झोप लागली म्हणून सासूबाईंनीच दार लोटून घेतलं होतं. त्यांना कोण काय बोलणार?

१४ फेब्रुवारी
दुपारी घोरणं ऐकू आलं. प्रितेश माझ्याजवळ शांत झोपलेला. आवाज सासूबाईंच्या खोलीतून येत होता, आणि त्या तर ओट्यापाशी कोळंबी सोलत होत्या. चेहरा खुललेला. धर्माला आवडायची, म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी
पलीकडे श्वास घेतला जातो, तेव्हा प्रितेशची छाती हलत नाही. तिकडे थांबला की इकडे हलते. हात ठेवून पुन्हा पुन्हा पाहिलं. मला भीती वाटते. डॉक्टर म्हणतात, सगळं उत्तम आहे, चावी चालू ठेवा.

१९ फेब्रुवारी
मी चावी फिरवली नाही. सासूबाईंनी माझ्याकडची चावी उचलून फिरवली. अडवलं, तर शांतपणे म्हणाल्या, “दोगांना पुरल येवढी वाट झालीय. माजा धर्मा निजलाय तिकडं. या बारीला मी दार लोटनार नाय.”

२१ फेब्रुवारी
पलीकडचं घोरणं आज थांबेचना — प्रितेशचे ओठ निळे पडले — सासूबाईंना ढकलून त्या खोलीत शिरले. खाट रिकामी, उशी दबलेली. हात ठेवला, तर छाती लागली. ऊबदार. जोरात हलवलं. घोरणं थांबलं.

इकडे प्रितेश उठून बसला. वाचला. “आये” म्हणाला. मग माझ्याकडे बघून सासूबाईंना विचारलं, “ही कोन?”

त्या पोटाशी धरून बसल्यात त्याला.

पलीकडे परत घोरणं सुरू झालंय. हे माझ्या ओळखीचं आहे, इतकी वर्षं याच्यावर हात ठेवून — प्रितेश — त्या खोलीचं दार लोटलं गेलंय, आतून कडी नाही, तरी उघडत नाहीये — आणि आता ते थां