पलटणीचं तूप

माय, आज सुनेनं लोणी कढवलं, घरभर वास सुटला आणि तू आठवलीस. आता मीच म्हातारा झालोय. दात गेले, पण तूप-भात अजून दाबून चालतो.

लढाईतून पहिल्यांदा सुटीवर आलो तो दिवस. जऊळक्याला गाडीतून उतरून पायी घरी पोचतो, तर तू पाणीही न विचारता म्हणतेस, "तूप पोचलं नं रे?" कोणतं तूप? मग कळलं. पाटलानं सांगितलं होतं म्हणे, ज्यांची पोरं पलटणीत आहेत त्यांनी तूप आणून द्या, मी रेल्वेनं आघाडीवर पाठवतो. आणि तू वर्षभर कोरडी भाकर खाऊन गडूच्या गडू तूप त्याच्याकडं पोचतं केलंस! अगं, ब्रह्मदेशच्या जंगलात आम्ही दगडासारखी बिस्किटं चावत होतो. "नाही पोचलं," मी म्हणालो. "एकदाबी नाही?" "एकदाबी नाही, माय."

मी पाटलाचं टाळकं फोडायला उठलो. तुझा चेहरा उतरला होता, पण रडशील ती तू कसली! "बस खाली," म्हणालीस आणि घरोघर फिरून आलीस. दुसऱ्या दिवशी पलटणीतल्या झाडून साऱ्या पोरांच्या माया पाटलाच्या ओसरीवर पत्रावळी मांडून बसल्या, मधोमध मी, वर्दीत. "आमच्या पोरायचं तूप तुमच्यापाशीच राह्यलं, पाटील. थे वाढा. आमी जेवाले आलो." सारं गाव बघायला लोटलं. पाटलाला दरदरून घाम फुटला, स्वतः वाढायला उठला बिचारा. त्याची बरणी खडखडीत होईपर्यंत एकाही बाईनं पत्रावळीवर हात आडवा धरला नाही. काय मजा आली होती, माय! त्यानंतर गावात कोणाकडं तूप मागायची त्याची छाती झाली नाही.

परत येताना तू भेटेल त्याला सांगत होतीस, "माह्यं पोट्टं खोटं नाही बोलत." हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा "पोचलं, लय गोड होतं," हे माझ्या ओठांवर आलंच होतं. तुझा आनंद मोडवत नव्हता. पण तेवढ्यात तुझ्यामागं दारात शेजारची काकी दिसली. तिच्या लेकासाठी भरलेला गडू पदराखाली धरून ती पाटलाकडं निघाली होती.