गर्दीतला निवृत्ती

नांदेड, एप्रिल २०१६

प्रिय तारा,

काल फोनवर मी तुटक बोललो, त्याचा राग धरू नकोस. तू लातूरचं सांगत होतीस. रेल्वेनं पाणी आलं, गल्लीत घागरींची रांग लागली, आणि त्या रांगेतही बाया उदगीर जिल्हा होणार की नाही यावरून भांडत होत्या. एरवी मी हसलो असतो. काल नुसतं हं हं करत राहिलो. मी पुण्यात ऑफिसात आहे असं तुला वाटलं, पण मी नांदेडात होतो.

तू नेहमी विचारतेस, दादा, सॉफ्टवेअरवाल्यांची कॉन्फरन्स कुठंही असो, तू लगेच बॅग कशाला भरतोस? बाबा तर म्हणतात, याला त्या मेळ्यांचं याड लागलंय. खरं सांगतो, तिथली भाषणं मी फारशी ऐकतच नाही. दाराशी टेबलावर नावांचे बिल्ले मांडलेले असतात, तिथं रेंगाळतो. मग जेवणाच्या रांगेत, मागच्या खुर्च्यांत, पाठमोरी माणसं बघत फिरतो. बेंगळुरूला एकदा अगदी आपल्या निवृत्तीसारखाच झुकलेला उजवा खांदा दिसला. धावत जाऊन मी हात ठेवला. तो कुणी तमिळ मुलगा निघाला. बिचारा दचकला आणि मला पाणी प्यायला घेऊन गेला.

कामं वेळेत व्हावीत म्हणून आमच्याकडं दरवर्षी नवं ॲप येतं. कुणाकडं कुठलं काम, किती झालं, किती राहिलं, सगळं त्यात भरायचं. टीममध्ये कोण कोण, असं त्यानं विचारलं की माझी बोटं आधी निवृत्तीचा ईमेल टाकतात. मग महिनोन् महिने त्याच्या नावापुढं दिसत राहतं, 'निमंत्रण स्वीकारलेलं नाही.' नव्यानं आलेल्या एका मुलीनं विचारलं, सर, हे कोण? मी म्हणालो, रजेवर आहेत.

विष्णुपुरीच्या हॉस्टेलात तो माझा रूममेट होता. त्याला मुखेडला आपल्या घरी मीच आणलं. तू चहा दिलास, आणि साखर घालायची विसरलीस. त्यानं तो मुकाट्यानं पिऊन आणखी अर्धा कप मागितला. त्याच रात्री मी आईला म्हणालो, ताराला याच्यापेक्षा चांगला नवरा मिळायचा नाही.

आणि लग्नाला वर्ष होतं न होतं तोच, त्या भाद्रपदात तो हैदराबादच्या कॉन्फरन्सला गेला आणि परतला नाही. शेवटच्या दिवसाआधीच तो निघाला होता. फोन बंद. बाहेरच्या देशातल्या कंपनीच्या माणसाशी बोलताना त्याला कुणी पाहिलं होतं, तेवढं लोकांना पुरलं. जाताना नांदेड स्टेशनबाहेर लावलेली त्याची मोटारसायकलही जागेवर नव्हती. संगप्पामामा सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगी कशाला वाट बघून राहिली? त्यानं तिकडं दुसरं घर मांडलं असंल." तू लातूरला तुमच्या घरी जाऊन त्याचे शर्ट बोहारणीला दिलेस आणि मला म्हणालीस, "दादा, यापुढं त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं न्हाई." मी ते पाळलं.

आज मोडतो आहे. यंदा विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी पार तळाला गेलं. लातूरच्या रस्त्याकडच्या काठाला, गाळात एक मोटारसायकल उघडी पडली. बेपत्ता असल्याची तक्रार माझ्या नावावर होती, म्हणून पोलिसांनी मला बोलावलं. नंबर त्याचाच आहे. ज्या दिवशी तो निघाला, त्या दिवशी इकडं रस्ते वाहून जाण्यासारखा पाऊस होता. गाळात आणखी जे सापडलं ते मी लिहीत नाही. तपासणीसाठी त्याच्या आईचं रक्त घेतलं आहे. गाडीच्या डिकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कॉन्फरन्सचा टी-शर्ट होता. त्याला तो आलाच नसता, इतका लहान. बायकांच्या मापाचा. हवालदार म्हणाले, "हा कुणासाठी घेतला असंल हो?" हे तुला फोनवर सांगायला जीभ वळली नाही, आणि तू एकटी असताना कळू नये म्हणून हे पत्र आईच्या हातानं पाठवतो आहे. तिला सगळं माहीत आहे. वाचून झालं की तिच्याजवळ बस. उद्या मी तुला न्यायला येतो. तो कुठं पळून गेला नव्हता, तारा. तो तुझ्याकडं घरी येत होता.

तुझाच,
पंढरीदादा