चित्रांचे दुकान विश्वेशला न देण्याबाबत

मी, उत्तरा शामसुंदर गायधनी, वय एकोणसत्तर, राहणार गंगापूर रोड, नाशिक, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मला विस्मरण होत नाही. हे वेगळे लिहावे लागते, कारण माझा एकुलता एक मुलगा विश्वेश गेला महिनाभर नातेवाइकांना फोन करून तसे सांगतो आहे. डॉ. शौनक दीक्षित यांनी काल तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे.

माझी मिळकत म्हणजे राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि रविवार कारंजाजवळचे चित्रांचे दुकान. सर्व स्वकष्टार्जित. एकतीस वर्षांपूर्वी दुकान उघडले तेव्हा यजमान म्हणाले होते, "नाशकात देवांचे फोटो खपतात. असली चित्रं कोण घेणार?" घेणारे निघाले. सटाण्याच्या रोहिणीताई, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, दर दिवाळीला एक लहानसे चित्र नेत आणि चित्रकाराचा पत्ता मागून घेऊन त्याला पत्र टाकत. छापील प्रत मी दुकानात कधी ठेवली नाही. प्रत्येक चित्र एकच, आणि ज्याने काढले त्याच्याच हातून घेतलेले. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. त्या वाक्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेले नाही.

फ्लॅट व ठेवी विश्वेशला द्याव्यात.

दुकान मात्र स्नेहल गोरक्ष पिंगळ, राहणार दिंडोरी, हिला द्यावे. विश्वेशला त्यातले काहीही, भिंतीवरचा खिळासुद्धा, देऊ नये. कारण लिहिते.

स्नेहलचा नवरा गोरक्ष द्राक्षबागांत औषध फवारायचा आणि बागेतली कामे थांबली की चित्रे काढायचा. तोंडाला फडके बांधून फवाऱ्याच्या धुरकट पांढऱ्यात उभी असलेली माणसे. त्यांचे फक्त डोळे दिसत. त्याची चौदा चित्रे माझ्याकडून लोकांच्या घरी गेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो सकाळीच दुकानात आला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. इगतपुरीच्या एका रिसॉर्टचे फोटो होते. तीन खोल्या, तिन्हींत त्याचे एकच चित्र.

"काकू, सही माझीच हाय," तो म्हणाला, "पण हात माझा नाय."

दुकानाच्या पोटमाळ्याची किल्ली वर्षभर विश्वेशकडे होती. मी कुलूप तोडायला लावले. वर गोरक्षच्या चित्रांच्या अकरा नकला निघाल्या. कॅनव्हासवर छापलेल्या, खऱ्या वाटाव्यात म्हणून वरून ब्रश फिरवलेला, खाली त्याची सही. मी शिडीच्या पायरीवरच बसले. गोरक्षने मला पाणी आणून दिले.

"तुम्ही दादाला काय बोलू नका," तो म्हणाला. "रिसॉर्टवाल्यालाच विचारतो, कोणाकडून घेतली ते. संध्याकाळच्या आत येतो."

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची मोटारसायकल इगतपुरीच्या रस्त्याखाली ओढ्यात सापडली, आणि थोड्या अंतरावर तो. पावसात घसरून अपघात, अशी नोंद झाली. मोबाइल सापडला नाही.

तो कुठे आणि कशासाठी निघाला आहे हे फक्त मला माहीत होते. आणि त्याने सांगितलेले न ऐकता, रागाच्या भरात, मी त्याच दुपारी विश्वेशला फोन करून ते सांगितले होते. विश्वेशने एवढेच विचारले, "निघून किती वेळ झाला?" मी वेळही सांगितली.

दहाव्याला स्नेहलने माझा हात धरून विचारले, "काकू, ते तिकडं गेल्याचं कोणाला ठाव होतं का?" मी मान हलवून नाही म्हटले. हे मृत्युपत्र तिने माझे खरे उत्तर समजावे.

पुढच्याच आठवड्यात विश्वेशने दुकानाची कुलपे बदलली आणि कुलमुखत्यारपत्रावर माझी सही मागितली. मी नकार दिला. तो शांतपणे म्हणाला, "आई, या वयात एकटीने जिने चढू-उतरू नयेत." तो ओरडला असता तर मला कमी भीती वाटली असती.

अकरा नकला मी त्या सापडल्या त्याच दिवशी अ‍ॅड. यशश्री क्षेमकल्याणी यांच्याकडे हलवल्या आहेत. त्यांनाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. माझ्यामागे त्यांनी त्या नकला आणि हा कागद पोलिसांना द्यावा. खरे तर मीच हे सांगायला हवे होते. दोनदा चौकीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. दुकानात उरलेली चित्रे ज्याची त्याला परत करावीत. मागे नावे आहेत.

माझा मृत्यू घरात, जिन्यावर वा रस्त्यात अचानक झाल्यास शवविच्छेदनाखेरीज अंत्यसंस्कार करू नयेत. विश्वेश घाई करील. करू देऊ नये.

सह्यांपूर्वी हा मजकूर वाढवत आहे. आत्ताच विश्वेशचा फोन येऊन गेला. "आई, उद्या गडावर देवीला जाऊन येऊ. आपण दोघंच." मी हो म्हटले आहे. यशश्री नको म्हणतात. पण गोरक्षचे काय झाले हे मला माझ्या मुलाच्या तोंडून ऐकायचे आहे, आणि गाडीत त्याला उठून जाता येणार नाही. सकाळी सातला निघायचे आहे.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द बदलायचा नाही.

सही: उत्तरा शामसुंदर गायधनी

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. डॉ. शौनक दीक्षित
२. भिमाजी वाघ, फ्रेमवाले

नाशिक, शनिवार, १९ जुलै २०२५